अकरा मशकी आणि एक गाठ

उटिका
२० फेब्रुवारी १९८८

ती. ब्रायडी आत्यास,
रोशीनचा सा. न. वि. वि.

नाताळपासून पत्र लिहायचं लिहायचं म्हणतेय, आणि आज फेब्रुवारीची वीस तारीख उजाडली. खोटं कशाला बोलू, तीनदा कागद घेऊन बसले होते. पहिल्यांदा पेनातली शाई गोठलेली निघाली (हे खरं आहे, माझ्या खोलीची खिडकी नीट लागत नाही). दुसऱ्यांदा खालच्या बाईंचा कुत्रा पळाला. त्याच्यामागे पार कालव्यापर्यंत गेले, तिथे बर्फाला भोक पाडून मासे धरत बसलेला एक म्हातारा भेटला, त्याच्याशी बोलता बोलता अंधार पडला. कुत्रा आपला आपण कधीच घरी आला होता. तिसऱ्यांदा ‘ती. आत्यास’ एवढं लिहून झाल्यावर डोळा लागला. तू म्हणशील, अर्ध्यात शाळा सोडलेल्या पोरीकडून आणखी काय व्हायचं. म्हण. ईस्टरपर्यंतच्या उपासांत मी यंदा तक्रार करणं सोडलंय, तेव्हा मुकाट ऐकून घेते.

मी अजून त्याच बेकरीत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाच. चौदा महिने झाले! सफरचंदं तोडली, बोटीवर दोर ओढले, तुझ्याकडे राहून कातडं कमावायच्या कारखान्यात तो एक उन्हाळा काढला; पण पाच महिन्यांच्या वर मी कुठे टिकले नव्हते. इथे पहाटे अर्धी काळी, अर्धी पांढरी बिस्किटं रंगवते, मग पाव घेऊन गिऱ्हाइकांकडे जाते. बिस्किटं रंगवताना काळी बाजू आधी की पांढरी, यावर आमच्याकडे दोन तट आहेत आणि ते एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. पण ते राहू दे.

टिकण्याचं कारण तुला ठाऊक आहे आणि ते तुला आवडत नाही. दर मंगळवारी कॉर्न हिलच्या अग्निशामक केंद्रात, वरच्या मजल्यावर, कॉर्मॅक काकाच्या पाइप बँडची तालीम असते. वर्षभर काकाने मला नुसती लाकडी नळी फुंकायला लावली. नोव्हेंबरात पहिल्यांदा पाइपची हवा भरायची कातडी मशक बगलेत दिली. आत्या, पहिल्या दिवशी असा आवाज निघाला की खालचे जवान बंब बाहेर काढायला धावले.

आता मुद्दा. बँडचा मोठा ढोल वाजवणारा साल जाम्ब्रोन, तुला आठवतो का, ज्याच्या लग्नात केक पडला होता तो? जानेवारीत गाद्यांच्या दुकानाला आग लागली तेव्हा त्याच्या पायाखालचा मजलाच खचला. खुब्याचं हाड मोडलं. जीव वाचला, पण आता चाकांची खुर्ची, आणि घराला चौदा पायऱ्या. त्याच्यासाठी बँडने १२ मार्चला, शनिवारी संध्याकाळी, चर्चच्या हॉलमध्ये केल्टिक संगीताची संध्याकाळ ठरवली आहे. व्हायोलिन, पोरींचे नाच, वेल्सहून आलेले एक गाणारे काका, आणि शेवटी आपला बँड. अकरा पाइप, पाच ढोल. सगळ्या गावाने तिकिटं घेतली आहेत, आगीत वाचलेला गादीवाला सगळ्यांत पहिला.

पाइपवाले गोल उभे राहून वाजवतात, मला त्या वर्तुळात उभं राहायचंय. एवढंच हवंय मला. सगळ्या चाली पाठ आहेत. शेवटची तर आजोबांची संथ चाल आहे, ती तू हातमोजे शिवताना गुणगुणायचीस तेव्हापासून येते. पण बँडच्या नियमांत ‘जवान आणि त्यांचे मुलगे’ असं लिहिलंय. माझे बाबा जवान होते, आता मुलगा कुठून आणू? काकाला विचारलं तर मिशीत म्हणतो, नंतर बघू.

तुमच्या दोघांत काय झालं ते मला कधी तरी सांगशील का? काकाला विचारलं की तो चहा करायला उठतो. आणि त्याचा चहा म्हणजे बंबाची होजनळी धुतलेलं पाणी. संत्र्याची साल घातलेल्या तुझ्या चहाची फार आठवण येते.

लोभ आहे तो असू दे. माझ्या अक्षराची त्याला दृष्ट लागू नये.

तुझी,
रोशीन


ग्लोव्हर्सव्हिल
२७ फेब्रुवारी १९८८

चि. रोशीन हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. शाई गोठते म्हणतेस. पेन्सिल गोठत नाही.

माझा गुडघा थंडीत आहे तसाच आहे. शेजारच्या व्रूमन बाई रोज विचारायला येतात आणि रोज पाऊण तास बसतात, म्हणजे गुडघ्याला विश्रांती मिळते आणि कानांना मिळत नाही. कारखान्यातले लोक अजून अवघड कातडे आले की माझ्याकडे पाठवतात. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली हे त्यांना कोणी सांगितलेले दिसत नाही.

तू विचारलेस म्हणून एकदाच लिहिते, पुन्हा विचारू नकोस. तुझ्या आजोबांनी मला आणि कॉर्मॅकला एकाच टेबलाशी बसवून पाइप शिकवला. मी आठ वर्षांची, तो सहा. मी पुढे होते. हे मी म्हणत नाही, बाबा म्हणत. सोळाव्या वर्षी मी विचारले, मला वर्तुळात कधी उभे करणार. ते म्हणाले, नंतर बघू. मग मी लग्न न करता इथे आले आणि हातमोजे शिवू लागले, ती वेगळी गोष्ट.

सहासष्ट साली बाबा गेले. त्यांच्या पाइपची पेटी कॉर्मॅककडे गेली, त्याचे मला काही नव्हते. तो बँडमध्ये होता, मी नव्हते. मी फक्त एक मागितले. दफनाच्या वेळी त्यांची चाल मला वाजवू दे. आपल्या घरातलेच लोक होते, आठ-दहा शेजारी. तुझा काका म्हणाला, लोक काय म्हणतील, ब्रायडी, नंतर बघू. दफनाला नंतर काय असते? त्याने स्वतः वाजवली, आणि तिसऱ्या ओळीतले वळण विसरला. वळण न घेता सूर सरळ पुढे नेला. बाबांना मातीत घालताना त्यांचीच चाल चुकली. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोललेले नाही. बावीस वर्षे झाली.

तेव्हा ‘नंतर बघू’ कानावर आले की काय समजायचे ते समज, आणि फार आशा लावून बसू नकोस. तू आशा लावतेस, मग ती मोडते, मग तू बस पकडतेस. मी तुला लहानपणापासून पाहिले आहे.

मला उटिकातल्या संध्याकाळीत रस नाही. सालला मात्र माझ्यातर्फे सांग की केक मी पाडला नव्हता. आणि एवढेच कळव, बाबांच्या पाइपचा खांद्यावरचा मोठा भोंगा थंडीत अजून घरघरतो का?

सोबत लोकरीचे मोजे पाठवले आहेत. पायांत घाल, कुत्र्याला देऊ नकोस.

तुझी आत्या,
ब्रायडी टूही


उटिका
मंगळवार, ८ मार्च, सकाळचे साडेनऊ

ती. आत्यास, सा. न. आणि धावत धावत वि. वि.

हे पत्र आमच्या पावाच्या गाडीचा एन्झो आणतोय. तू फोन काढून टाकलास, नाही तर आत्ता तारेतून तुझे पाय धरले असते. त्याला तुझ्याकडे उत्तर मिळेपर्यंत बसायला सांगितलंय. तो बोलका आहे, व्रूमन बाईंपासून लांब ठेव.

आत्या, मशकी गेल्या. अकराच्या अकरा.

झालं असं. रविवारी रस्त्यावर १९ तारखेच्या मिरवणुकीची तालीम होती आणि अर्ध्यात गारांचा पाऊस लागला. सगळे निथळत केंद्रात आले. स्टॅन पिएकार्स्की म्हणून नवा भरती झालेला आहे, तेहतीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप, बँडचा झेंडा धरतो. माणूस देवासारखा आणि दाराएवढा. होजच्या नळ्या वाळवायच्या मनोऱ्याच्या दारावर काकाने स्वतःच्या हाताने रंगवलेलं आहे की ओलं काही केंद्रात इकडेतिकडे ठेवायचं नाही, इथे टांगायचं. होज भिजला, टांगा. कोट भिजला, टांगा. पाच आठवडे स्टॅनच्या डोक्यात हेच भरलंय. सगळे जेवायला गेले तेव्हा हा मागे थांबला. सगळे पाइप सुटे केले, लाकूड नीट पुसून पेट्यांत ठेवलं, आणि मशकी नेऊन मनोऱ्यात होजच्या शेजारी टांगल्या. वर गरम हवेचा पंखा लावला. दोन रात्री आणि एक दिवस.

आज सकाळी पाव द्यायला गेले तर सगळे जवान मनोऱ्याखाली माना वर करून उभे. वाळत घातलेल्या माशांसारख्या लटकत होत्या, आत्या. एक हातात घेतली तर पापडासारखी वाजली. कुठल्याही फायरमनने केलं असतं तेच स्टॅनने केलं होतं, म्हणून त्याला शिव्याही घालता येईनात. तो बिचारा पायरीवर बसून रडत होता, आणि दाराएवढा माणूस रडतो तेव्हा कुठे बघावं कळत नाही.

स्कॉटलंडहून नव्या मागवायच्या तर दीड महिना. काका म्हणाला, शनिवारी नुसते ढोल वाजतील, पाइप नाहीत, आणि हे सगळं कचऱ्यात टाका. मी म्हटलं, टाकायचं नाही, वाळलेलं कातडं जिवंत करणारं माणूस मला माहीत आहे. तो म्हणाला, त्या माणसाचं नाव इथे घ्यायचं नाही. मी म्हटलं, नाव कुठे घेतलं, पत्ता लिहितेय. जवान हसले. काका हसला नाही, पण टाका असंही पुन्हा म्हणाला नाही.

आता मी अकरा मशकी पोत्यात भरून त्या पोत्यावर बसून लिहितेय. उठले आणि कुणी टाकून दिल्या तर? म्हणून स्वतः आले नाही. शनिवारला चार दिवस आहेत. माझं वर्तुळ राहू दे, वर्तुळच उरलं नाही तर मी त्यात उभी कुठे राहणार. पण साल रोज विचारतोय की काय काय वाजवणार, आणि त्याला कुणी सांगितलेलं नाही.

काय करू ते लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, फक्त वाचता येईल असं लिही.

पोत्यावरून,
रोशीन

ता. क. हो, मोठा भोंगा थंडीत अजून घरघरतो. काका त्याला म्हातारबाबा म्हणतो.


ग्लोव्हर्सव्हिल
८ मार्च, दुपारचे बारा

चि. रोशीन,

गाडीवाला स्वयंपाकघरात बसून माझी तिसरी पोळी खातो आहे, तेव्हा थोडक्यात.

गरम पाणी अजिबात नाही. कोणी शहाणा गरम पाणी म्हणाला तर त्याला बाहेर काढ. ओल्या कातड्याला चटका बसला की ते आखडते, आणि मग देवालाही ते सरळ करता येत नाही. पाणी तान्ह्या मुलाला न्हाऊ घालण्याइतके कोमट हवे. फडकी त्यात पिळून मशकी गुंडाळून ठेवा, बुडवू नका. उद्या सकाळी दमट होतील. मग हाताने मळायच्या. तू बेकरीत आहेस, कणीक मळतेस तशा. पण कणकेवर राग काढतेस तसा यांच्यावर काढायचा नाही. मऊ झाल्याशिवाय उलगडायच्या नाहीत. घडीवर कातडे तुटते.

बरोबर दोन डबे पाठवते. मध, अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन, बाबांचे माप. दर वर्षी करून ठेवते, का ते विचारू नकोस. मंद कोमट करून आत ओतायचे, भोके बुचांनी बंद करायची, शिवणीवर अंगठ्याने दाबत दाबत चारी बाजूंना फिरवायचे. मग उलट्या टांगून जास्तीचे गळू द्यायचे. टांगायच्या मनोऱ्यात नाहीत, हे त्या झेंडेवाल्याला लिहून दे. शुक्रवारी पाइप बसवा, हळू फुंका. एखाददुसरी जाईल. सगळ्या वाचतील असे मी म्हणत नाही.

बाबांची मशक तू स्वतः हाताळ, दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. तिची गाठ पाहशील तेव्हा तुला जे कळेल ते कळू दे, आणि गप्प बस.

हे मी तुझ्या काकासाठी करत नाही. कातड्यासाठी करते. मेलेल्या जनावराचा त्यात काय दोष?

त्या रडणाऱ्या माणसाला खायला घाल.

तुझी आत्या


उटिका
रविवार, १३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि., आणि आज दंडवतसुद्धा.

वाजलं! आत्या, सगळं वाजलं!

पण क्रमाने सांगते, नाही तर तू म्हणशील, ही पुन्हा कुत्र्यामागे गेली.

बुधवार, गुरुवार केंद्राचं स्वयंपाकघर म्हणजे आमची बेकरीच झाली होती. टेबलाभोवती अकरा जवान, बाह्या वर करून मशकी मळतायत. मी मागून ओरडतेय, दाबू नको, गोंजार! कुणी तरी म्हणाला, बायकोला कधी एवढं गोंजारलं नाही. दुसरा म्हणाला, म्हणून तर ती माहेरी आहे. तेवढ्यात घंटा वाजली, ड्युटीवरचे चौघे मधाच्या हातांनीच बंबावर चढले, आणि आग म्हणजे कुणाच्या तरी तव्यावर जळलेला मासा निघाली. परत आले ते बंबाच्या स्टिअरिंगला चिकटूनच. स्टॅनने दोन दिवस घर पाहिलं नाही. तू सांगितलंस म्हणून मी त्याला आमच्या बेकरीचा टोमॅटो पाय (टोमॅटोची चटणी फासलेला जाड पाव) खायला घातला, अख्खं ताट संपवलं, आणि मग चार मशकी एकट्याने मळल्या.

आजोबांची मशक मी घेतली. वरचं जुनं मखमली कव्हर काढलं. काका आम्हाला नेहमी सांगायचा की ही आजोबांनी बांधलेली आहे, म्हणून बदलत नाही. आणि मी गाठ पाहिली. दोन वेढे, एक उलटा, टोक आत दडवलेलं. हातमोज्याच्या मनगटाला मारतात ती. जगात मला ही गाठ एकाच बाईने शिकवली आहे, आणि ती शिकवताना माझ्या बोटांवर तीनदा टिचकी मारली आहे.

तू गप्प बस म्हणाली होतीस. मी बसले. खरंच बसले, एक तासभर. पण काका माझ्या खांद्यावरून बघत होता, हे मला माहीतच नव्हतं. तोच हळू आवाजात म्हणाला की ती दफनाच्या आदल्या दिवशी रात्री बसून बांधली होती तिने, स्वतः वाजवायची म्हणून. म्हणाला, बावीस वर्षं मी तिच्या गाठीवर वाजवतोय. आणि उठून चहा करायला गेला. या वेळी मला राग आला नाही.

शुक्रवारी फुंकून पाहिल्या. दहा धरल्या. अकरावी, पाइपवाल्या टिमची, शिवणीत फाटली. टिम म्हणाला, देव पावला, ती तिसरी चाल मला अजून येतच नाही. साल चाकांच्या खुर्चीतून आला होता, आता त्याला सगळं कळलं होतं. नियमांचा विषय त्यानेच काढला. म्हणाला, ज्याने मशकी वाळवल्या तो झेंडा घेऊन पुढे चालणार आणि जिने वाचवल्या ती कोट सांभाळत मागे उभी राहणार, वा रे न्याय! कुणी तरी म्हणालं, नियम आहे. साल म्हणाला, नियम लिहिणारे सगळे टेकडीवरच्या दफनभूमीत झोपलेत, जा, विचारून ये, मी थांबतो. काका नेहमीसारखं नंतर बघू म्हणेल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. तो आजोबांचे पाइप पुसत बसला होता.

शनिवारी हॉल असा भरला होता की खिडकीच्या कट्ट्यांवर पोरं बसली होती. व्हायोलिन झालं, नाच झाले, एका पोरीचा बूट उडून फादरच्या मांडीवर पडला. वेल्सचे काका गायले आणि सगळ्या म्हाताऱ्या रडल्या, भाषा एकीलाही कळत नव्हती. सगळ्या हॉलमध्ये आमच्या मशकींच्या मधाचा वास सुटला होता, मुलं विचारत होती केक कधी कापणार.

मधल्या सुट्टीत चहा आला. आत्या, एवढ्या वर्षांत चर्चच्या हॉलमध्ये असा चहा कुणी प्यायला नसेल. कडक, आणि जरासा संत्र्याचा वास. मी गडबडीत दोन घोट घेऊन कप ठेवला, कारण मला सगळ्यांचे कोट गोळा करायचे होते. काकाने एक कप प्यायला, दुसरा मागितला, आणि तो हातात धरून उभाच राहिला. चहा कुणी केला म्हणून विचारत होता. बायका म्हणाल्या, मागे स्वयंपाकघरात कुणी हिरव्या रुमालाची बाई मदतीला आली आहे, आम्ही नाही ओळखत. तेवढ्यात आमची वेळ झाली.

रंगमंचामागच्या बोळात सगळे रांगेत उभे होते. मी कोट सांभाळत उभी होते. काका माझ्यासमोर आला आणि आजोबांचे पाइप माझ्या खांद्यावर ठेवले. मला वाटलं, धरायला देतोय. तो म्हणाला की ज्या हातांनी ही गाठ बांधली त्यांना मी एकदा नंतर बघू म्हणालो होतो. आता माझ्या वयाला नंतर उरलेलं नाही, तू जा. मी म्हटलं, मग तुझं काय, दहाच मशकी आहेत. तो म्हणाला, बँडप्रमुखाला पाय आहे, पायाने ताल देईन. आणि पुढे म्हणाला, पहिल्या श्वासाला खांदे उचललेस तर सगळ्यांसमोर हाकलून देईन.

नाही उचलले. आत्या, वर्तुळात उभं राहिलं की लोक दिसतच नाहीत. समोर फक्त नऊ लाल चेहरे आणि फुगलेले गाल दिसतात. ढोलाचे दोन झटके झाले आणि आम्ही एकत्र सुरू झालो, अगदी एकत्र, कुणाचाही भोंगा आधी बोंबलला नाही. साल पहिल्या रांगेत स्वतःच्या प्लास्टरवर मूठ आपटून ताल देत होता. त्याची बायको त्याचा हात धरायला बघत होती आणि तो सोडवत होता. तिसऱ्या चालीला लोक उभे राहिले आणि मग बसलेच नाहीत.

शेवटी आजोबांची चाल. पहिली फेरी मी एकटीने वाजवायची, हे काकाने फक्त बोटाने दाखवलं. तिसऱ्या ओळीत तू गुणगुणतेस ते वळण आहे ना, काकाच्या वहीत ते नाही. मला तर तेच येतं. मी घेतलं. काकाचं पावलं आपटणं थांबलं. अर्धा ठोका. मग पुन्हा सुरू झालं आणि दुसऱ्या फेरीला सगळे आले, म्हातारबाबा भोंगा जराही न घरघरता माझ्या कानाशी उभा होता. आणि शेवटचा सूर सगळ्यांचा एकाच क्षणी कापला गेला. मग जे झालं ते मला लिहिता येत नाही. टाळ्या हा शब्द फार लहान आहे. स्टॅनने झेंड्यासकट मला उचललं.

तिकिटांच्या पैशांतून सालच्या चौदा पायऱ्यांवर आता उतार बांधला जाणार, आणि वरच्या मजल्यासाठी लहान लिफ्टही बसणार. गादीवाल्याने त्याला आयुष्यभर गाद्या फुकट देऊ केल्यात, साल म्हणतो, ज्यामुळे मोडलो त्यावरच झोपू होय?

पहिल्या रांगेत मी तुझ्यासाठी एक खुर्ची धरून ठेवली होती. तिच्यावर आमचे कोट पडून राहिले. मी तक्रार करत नाही, ईस्टर व्हायचा आहे. फक्त सांगते. आणि एन्झो कुठे गायब होता कोण जाणे. सुट्टीनंतर दिसलाच नाही, आज सकाळी विचारलं तर नुसता डोळा मिचकावला. त्याचं काय चाललंय देव जाणे.

माझी बस मी चुकवली आहे, आत्या. मुद्दाम. इथेच राहते.

लोभ कर, करत नसलीस तरी कर.

तुझी,
रोशीन


ग्लोव्हर्सव्हिल
१६ मार्च १९८८

चि. रोशीन हिस,
अनेक आशीर्वाद, आणि या खेपेस ते उगाच लिहिलेले नाहीत.

तुझे पत्र सोमवारी गाडीवाल्याने आणून दिले. उत्तर आज बुधवारी लिहिते आहे. तुला शाईबद्दल बोलले होते, ते परत घेते. काही वेळा पेन्सिलही गोठते.

आता माझी कबुली. तुझा तो गाडीवाला शनिवारी दुपारी दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, मावशी, गाडी रिकामी परत चालली आहे. मी म्हणाले, मला उटिकात रस नाही. तो म्हणाला, मलाही नाही, पण राहतो ना. मग हिरवा रुमाल बांधून बसले पावांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये.

खुर्चीत बसायला आले नव्हते. समोर बसले असते तर लोकांनी मला पाहिले असते, आणि मला ऐकायचे होते. चहाच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे, तिच्यातून तुमचे अर्धे वर्तुळ दिसते. तू माझ्या बाजूच्या अर्ध्या भागात होतीस. तुझी करंगळी वरच्या सुरावर उगाच उचलली जाते, ती बांधून ठेव. बाकी काही सांगण्यासारखे नाही. म्हणजे आहे, पण ते मला लिहिता येत नाही. तुझ्यासारखेच.

तिसऱ्या ओळीतले वळण तू घेतलेस तेव्हा माझ्या हातात कपांचा अख्खा ट्रे होता. एकही कप पडला नाही, हे सालला सांग. सोळाव्या वर्षापासून मी त्या वर्तुळाची वाट पाहत होते. मला वाटायचे, त्यात मी उभी राहायला हवी होते. शनिवारी वाटले, ते वळण तिथे पोचले, एवढे पुरे. बाबांची चाल अखेर पुरी वाजली.

टाळ्या सुरू झाल्या आणि मी निघाले. कोणी ओळखले नाही, चांगले झाले. संत्र्याची साल घालायला नको होती, पण हात सवयीने गेला.

तू तिथेच राहणार म्हणतेस. खोलीची खिडकी आधी दुरुस्त करून घे. इस्त्रीच्या

मधेच थांबले. बाहेर एक गाडी उभी राहिली. व्रूमन बाई असतील म्हणून दिवा मालवणार होते, पण त्या गाडीने येत नाहीत.

रोशीन, तुझा काका आहे. अंगणात उभा आहे. घंटा वाजवत नाही. एका हातात बाबांची पेटी, दुसऱ्या हातावर कागदात गुंडाळलेला किल्ट, तो पाइपवाल्यांचा चुण्यांचा घागरा. कागद एका बाजूने फाटला आहे, रंग तुमच्या बँडचा दिसतो. त्याच्या मापाचा नाही, कमरेला फार लहान आहे, माझ्याएवढा. शनिवारी तुमची मिरवणूक आहे ना? माझा गुडघा त्याला ठाऊक नसावा. किंवा ठाऊक असेल.

म्हातारा दिसतो. बाबांसारखा उभा राहतो आता, एका पायावर भार टाकून. बर्फ पडायला लागला आहे आणि हा मूर्ख पेटी उघड्यावर धरून उभा आहे, आतली मशक भिजेल. आत्ता चार दिवसांपूर्वी वाचवली आहे ती.

दार उघडते. त्याच्यासाठी नाही. कातड्यासाठी.

तुझी आत्या,
ब्रायडी